डोंगरगावच्या सहलीची माहिती देताना पायऱ्याही मोजाव्यात

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या दैनिकाच्या पर्यटनविषयक पानांवर थंड हवेच्या ठिकाणांची माहिती येऊ लागते. ही पाने मी अनेक वर्षे आवडीने वाचते, त्यांची कात्रणे जपून ठेवते आणि आमच्या घरच्या सहलीचा बेतही बहुतेक वेळा त्यांच्याच आधाराने ठरतो. म्हणूनच त्या पानांत सातत्याने राहून जाणाऱ्या एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधावेसे वाटले. डोंगरातल्या एखाद्या छोट्या गावाविषयी लिहिताना तिथे काय पाहावे हे सविस्तर दिलेले असते. परंतु तीन पिढ्यांचे एखादे कुटुंब तिथे प्रत्यक्ष कसे पोचेल, कसे राहील, आणि त्या गावातले पाणी, रस्ते व दवाखाना किती माणसांना पुरे पडतात, याविषयी फारसे काही नसते. कुटुंबाची सहल सुखाची होणार की दगदगीची, हे मात्र याच गोष्टींवर ठरते.

आमच्याच घरचे उदाहरण सांगते. तीन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई, आम्ही दोघे, धाकटे दीर आणि आमची दोन मुले असे सहा जण डोंगरातल्या अशाच एका छोट्या गावी तीन रात्रींच्या मुक्कामाला गेलो होतो. खोल्यांचे आरक्षण महिनाभर आधी, छायाचित्रांत दिसणारी दरी पाहून केले होते, आणि ती छायाचित्रे अगदी खरी होती. फक्त आमच्या खोल्या रस्त्यापासून चौऱ्याऐंशी पायऱ्या खाली होत्या, हे आम्हांला गाडीतून सामान उतरवल्यावर कळले. दगडी पायऱ्या, एकीची उंची दुसरीशी न जुळणारी, शेवाळाने निसरड्या झालेल्या, धरायला कठडा नाही आणि त्यात दिवेलागणीची वेळ. सासूबाईंचे वय तेव्हा बहात्तर आणि दोन्ही गुडघे दुखरे. विसाव्या-बाविसाव्या पायरीवर त्या बसल्या, ओल्या दगडावर तळहात टेकून त्यांनी जरा दम घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही पोरांना घेऊन पुढे व्हा, मी येते हळूहळू." त्या पायऱ्या त्यांनी त्या सहलीत दोनदाच पार केल्या, आलो त्या संध्याकाळी उतरून आणि निघालो त्या सकाळी चढून. मधले दिवस त्यांनी खोलीसमोरच्या ओट्यावर बसून काढले. आम्ही आळीपाळीने त्यांच्यापाशी थांबत होतो, त्यामुळे सगळ्यांनी मिळून एक वेळसुद्धा बाहेर जाणे झाले नाही. लॉजचालकाने आमच्याशी खोटेपणा केला नव्हता. आम्ही विचारले नव्हते आणि त्याने सांगितले नव्हते, एवढेच.

डोंगरउतारावर वसलेल्या गावात सपाट जागा मुळातच थोडी असते आणि ती बहुधा बाजारपेठेने व रस्त्याने व्यापलेली असते. राहण्याच्या इमारती मग रस्त्याच्या वरच्या किंवा खालच्या अंगाला टप्प्याटप्प्यांनी बांधाव्या लागतात. त्यामुळे 'बाजारापासून दोनशे मीटर' या शब्दांचा जो अर्थ सपाटीवर असतो, तो इथे उरत नाही. हे दोनशे मीटर सरळ चढाचे असतील, तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते दोन किलोमीटरांएवढे होतात. आरक्षण करण्यापूर्वी फोनवर विचारायचे प्रश्न त्यामुळे अगदी साधे आहेत. गाडी दारापर्यंत येते का, येत नसल्यास किती पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा आहे का, खोली तळमजल्यावर मिळेल का, कमोड आहे का, गरम पाणी दिवसातून किती वेळ असते, आणि रात्री कुणाला बरे वाटेनासे झाले तर जवळचा डॉक्टर किती अंतरावर आहे. आम्ही आता हे प्रश्न एका कागदावर लिहून ठेवले आहेत आणि त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम भरत नाही. ज्या लॉजवर या प्रश्नांना नीट, न कंटाळता उत्तरे मिळतात, तिथली व्यवस्थाही सहसा चांगली निघते, असा आमचा अनुभव आहे.

थंडीच्या दिवसांत जायचे असेल, तर खोली कशाने उबदार ठेवतात हेही विचारायलाच हवे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणे अतिशय धोक्याचे आहे, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग असतो ना वास, आणि झोपेत असलेल्या माणसाला तो जाणवतही नाही. झरोका नसलेल्या न्हाणीघरातला गॅसचा गीझरही तसाच धोकादायक. उबेपेक्षा हवा खेळती असणे महत्त्वाचे आहे, ही सूचना पर्यटनाच्या पानांवर ठळक अक्षरांत छापली जावी, असे मला मनापासून वाटते.

गावाच्या उंचीचा आकडा आपल्या लेखांत अनेकदा असतो, पण त्याचा अर्थ उलगडून सांगितलेला नसतो. वर गेल्यावर हवेतले प्राणवायूचे प्रमाण घटते असे आपण सर्रास म्हणतो. वास्तविक ते प्रमाण २१ टक्केच राहते, घटतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू कमी होतो. साधारण २,५०० मीटर उंचीवर हा दाब समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशांइतका असतो आणि उंचीचा त्रास बहुधा याच पातळीच्या पुढे जाणवू लागतो. सिमला सुमारे २,२०० मीटरांवर आणि मनाली सुमारे २,००० मीटरांवर असल्यामुळे निरोगी माणसाला तिथल्या मुक्कामात सहसा अडचण येत नाही. मात्र मनालीहून एका सकाळीच जवळपास ३,९८० मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीत मुलांना आणि वृद्धांना घेऊन जायचे म्हणजे काही तासांत सुमारे दोन हजार मीटर चढायचे, हे बेत आखताना कुणी मनावर घेत नाही. मुक्काम खालीच असला तरी चालताना धाप लागते, डोके जड होते, आणि हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असलेल्या माणसाने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा बेत करूच नये.

मुक्कामच उंचावर असेल, तर लक्षणे बहुतेक वेळा पोचल्यावर सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकी रात्रीच्या सुमाराला दिसू लागतात. डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न लागणे, ही ती लक्षणे. लहान मूल यांतले काही बोलून दाखवू शकत नाही, ते किरकिर करते, खायला नको म्हणते, आणि आपण ते प्रवासाच्या शिणावर ढकलून मोकळे होतो. अशी लक्षणे असताना आणखी वर जायचे नाही आणि ती वाढली तर वाट न पाहता खाली उतरायचे, एवढा नियम घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ असावा. ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरांपेक्षा अधिक उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे, असे या विषयातले वैद्यकीय मार्गदर्शन आहे. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या ठिकाणी विमानाने थेट उतरणाऱ्या कुटुंबाने पहिले दोन दिवस विश्रांतीसाठीच राखून ठेवले पाहिजेत.

उंचीच्या मानाने थंडी किती असेल याचाही अंदाज घरी बसून बांधता येतो. दर हजार मीटरांमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे पायथ्याशी ३५ अंश असतील, तर दोन हजार मीटर वर गेल्यावर २२ अंशांच्या आसपास, आणि रात्री त्याहून बरेच कमी. एकच जाड कपडा घेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे दोन-तीन घ्यावेत. उन्हाच्या बाबतीत मात्र आपली फसगत होते. हवा गार असल्यामुळे ऊन जाणवत नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार दर हजार मीटरांमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, आणि ताजा बर्फ या किरणांचा मोठा भाग परावर्तित करतो. बर्फात दिवसभर खेळलेल्या मुलांचे गाल संध्याकाळी लालबुंद होतात, त्याचे कारण थंडी नव्हे, ऊन असते. टोपी, गडद चष्मा आणि उन्हापासून त्वचा जपणारे मलम या वस्तू म्हणूनच स्वेटरच्या बरोबरीने पिशवीत जायला हव्यात.

प्रवासाविषयी लिहिताना अंतर किलोमीटरांत दिले जाते. घाटात अंतर तासांत मोजावे. सपाटीवर चाळीस किलोमीटर म्हणजे पाऊण तास, तेच घाटात दोन तासही लागू शकतात, आणि वाटेत गाडी लागणारे मूल असेल तर अडीच. गाडी लागते ती वळणांमुळे कानाच्या आतल्या भागाला हालचाल जाणवते आणि डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते, या दोन्हींचा मेळ न बसल्यामुळे. साधारण दोन ते बारा या वयातल्या मुलांना हा त्रास सर्वाधिक होतो, आणि त्यांना शांत बसवण्यासाठी हातात मोबाइल देणे म्हणजे तो त्रास ओढवून घेणे आहे. मुलाला खिडकीबाहेर लांबवर बघायला लावावे, खिडकी थोडी उघडी ठेवावी, निघताना पोट रिकामेही नसावे आणि तुडुंबही नसावे. औषध द्यायचे असेल तर ते मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून आणि घाट सुरू होण्यापूर्वी पुरेसे आधी द्यायचे. उलट्या सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही. कानांना दडे बसले की मोठी माणसे आवंढा गिळून किंवा जांभई देऊन ते मोकळे करतात. तान्ह्या बाळाला त्या वेळी दूध पाजावे, म्हणजे गिळण्याने त्याचेही कान उघडतात.

गाडी चालवणाऱ्यासाठी जुन्या चालकांचा एक नियम आजही तितकाच खरा आहे : ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते, त्याच गिअरमध्ये ती उतरवावी. उतारावर सतत ब्रेक दाबून धरला की ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सैल पडते. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे तर जिवावर बेतणारे आहे. अरुंद जागी चढून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, आणि अंधार किंवा धुके पडण्यापूर्वी मुक्कामाला पोचावे. एवढ्यासाठी एखादे ठिकाण पाहायचे राहिले तरी चालेल.

ठिकाणांच्या बाबतीत माझे मत थोडे ठाम आहे. 'दोन दिवसांत बारा पॉइंट' असे जे तक्ते छापले जातात, ते कुटुंबांसाठी बंद करावेत. डोंगरात सकाळ बहुधा स्वच्छ असते; दिवस तापला की उतारांवरची हवा वर चढते, दुपारपर्यंत ढग जमतात आणि अनेक ठिकाणी गडगडाटासह पाऊस येतो. कड्याच्या टोकावर किंवा एकट्या झाडाखाली असताना विजा चमकू लागणे ही साधी गैरसोय नाही, त्यात जीव जाऊ शकतो. सकाळी लवकर एक फेरफटका, दुपारी मुक्कामी विश्रांती आणि संध्याकाळी बाजारातून रमतगमत चालणे, एवढा दिवस सहा वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीच्या आजीला पुरतो. मागच्या वर्षी आम्ही असाच बेत आखला. खोली रस्त्याला लागून होती, खिडकीतून दरी दिसत नव्हती, फक्त समोरच्या डोंगराचा एक तुकडा आणि एक उंच झाड दिसत होते. त्या झाडावर रोज सकाळी येणारा निळसर पक्षी माझ्या मुलाने आणि त्याच्या आजीने मिळून ओळखीचा करून टाकला होता, आणि घरी आल्यावर दोघांनी सगळ्यांना आधी त्याच्याबद्दलच सांगितले.

आता गावाच्या बाजूने लिहिते, कारण या बाजूचा विचार आपण पाहुणे म्हणून जाणारे लोक जवळजवळ करतच नाही. डोंगरावरच्या गावाचे पाणी म्हणजे झरे, छोटे ओढे किंवा खालून पंपाने चढवलेले पाणी. पाऊस कितीही पडला तरी तीव्र उतारावरून तो वाहून जातो, आणि पर्यटकांची सर्वाधिक गर्दी होते ती नेमकी झरे आटत आलेले असतात त्या उन्हाळ्याच्या महिन्यांत. २०१८ च्या मे महिन्यात सिमल्यात नळांना अनेक दिवस पाणी आले नाही, लोक टँकरसमोर रांगा लावून उभे राहिले आणि तिथल्या रहिवाशांनी समाजमाध्यमांवरून पर्यटकांना 'सध्या येऊ नका' असे आवाहन केले. ज्यांची रोजीरोटी पाहुण्यांवर चालते त्या गावाला पाहुण्यांना नको म्हणावे लागते, तेव्हा अडचण किती खोलवर गेली असेल याची कल्पना करावी. आम्ही उतरलो होतो त्या चौऱ्याऐंशी पायऱ्यांच्या लॉजवरही पहाटे साडेपाचला एक मुलगा खांद्यावरून पाण्याचे कॅन खाली आणत असे. आमची आंघोळ त्याच्या खांद्यावरून येत होती, आणि हे मला दुसऱ्या दिवशी लवकर जाग आली म्हणूनच कळले.

वाहनांचेही तसेच आहे. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या डोंगरी पर्यटनस्थळी बर्फवृष्टी पाहायला हजारो गाड्या एकाच वेळी चढल्या, वादळात रस्ते बंद झाले आणि अडकलेल्या गाड्यांमध्ये किमान वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत लहान मुलेही होती. बर्फात अडकलेल्या गाडीचे धुराडे बर्फाने बुजते आणि काचा बंद करून इंजिन चालू ठेवले, तर वर सांगितलेला तोच विषारी वायू आत साठतो. हवामानखात्याचा इशारा असेल तर सहल पुढे ढकलावी. आरक्षणाचे पैसे बुडतील म्हणून निघू नये. आणि निघण्यापूर्वी रद्द करण्याचे नियम वाचून ठेवले, तर पैसे बुडण्याची भीतीही बरीच कमी होते.

काही गावांनी या गर्दीला आपापल्या परीने बांध घातला आहे. स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना प्रवेश नाही; पाहुण्यांनी पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे गाडी ठेवून आगगाडीने वर जायचे असते. माथेरानमध्येही मोटारी गावाबाहेरच थांबतात, आणि १९०७ पासूनची छोटी आगगाडी हे तिथे पोचण्याचे जुने साधन आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून निलगिरी जिल्हा आणि कोडाईकनाल येथे जाणाऱ्या वाहनांना ई-पास सक्तीचा झाला. असे नियम प्रवासाला निघाल्यावर तपासणी नाक्यावर कळले की कुटुंबाची वेळ वाया जाते, चिडचिड होते आणि दोष त्या गावाला दिला जातो. मला तर हे नियम आपल्या सोयीचेच वाटतात. गाडीचा रस्ता जिथे संपतो, तिथून पुढे मुलांचा हात सोडून चालता येते.

संपादक महोदय, आपल्याला विनंती इतकीच आहे की, पर्यटनाच्या पानांवर कोणत्याही छोट्या डोंगरगावाची माहिती देताना लेखाशेजारी एक छोटी चौकट द्यावी. तीत गावाची उंची, शेवटच्या मोठ्या शहरापासून लागणारे तास, वाहनतळ कुठे आहे आणि तिथून किती चालावे लागते, वाहनांवर काही निर्बंध आहेत का, चोवीस तास उघडे असणारे जवळचे रुग्णालय, पाण्याची टंचाई कोणत्या महिन्यांत असते, आणि वृद्धांना व चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांना जाता येईल अशा जागा कोणत्या, एवढे असले तरी पुष्कळ झाले. ही माहिती गोळा करायला वार्ताहरांना एखादा दिवस जास्त लागेल, याची मला जाणीव आहे. शक्य झाल्यास गर्दीच्या आठवड्याऐवजी हंगामाच्या आधीचे किंवा नंतरचे पंधरा दिवसही त्या चौकटीत सुचवावेत. मुलांच्या शाळेमुळे सगळ्यांना ते जमणार नाही, परंतु ज्यांना जमेल ती कुटुंबे तेव्हा गेली, तर उरलेल्यांनाही खोल्या आणि पाणी दोन्ही मिळतील.

येत्या सुट्टीत सासूबाईंना पुन्हा डोंगरात जायचे आहे. त्या आता पंचाहत्तरीच्या झाल्या आहेत आणि गावाची निवड त्यांनी माझ्यावर सोपवली आहे. आपल्या पुरवणीचा पुढचा अंक मी त्यासाठी वाचणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक